मुरुमांवरील लेपांची परीक्षा

ज्या रोगांनी गावेच्या गावे ओस पाडली, त्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. देवी, पटकी, प्लेग यांच्यावर ग्रंथ झाले आणि त्यांच्या निवारणासाठी झटणाऱ्यांची चरित्रेही झाली. तारुण्याच्या आरंभी मुलामुलींच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या मुरुमांना असा मान कधी मिळाला नाही. हा रोग जीव घेत नाही, अंथरुणास खिळवीत नाही आणि बहुधा काही वर्षांत आपला आपण ओसरतो. तथापि, जग आपल्याकडे कसे पाहते याविषयी मनुष्य ज्या वयात अत्यंत हळवा असतो, नेमक्या त्याच वयात तो येतो. आणि जाताना पुष्कळांच्या गालांवर कायमचे व्रण ठेवून जातो. म्हणूनच वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट कितीही हसण्यावारी नेली, तरी मुरुमांवर लेप शोधण्याचा उद्योग दोन हजार वर्षे चालू राहिला आहे.

या उद्योगाचा इतिहास आणखी एका कारणासाठी उद्बोधक आहे. जो रोग सतत कमीजास्त होत राहतो आणि शेवटी आपोआप शमतो, त्याच्यावर लावलेले जवळजवळ प्रत्येक औषध गुणकारी वाटते. मुरूम सर्वांत अधिक भडकलेले असतात तेव्हाच मनुष्य औषधाकडे धाव घेतो. त्यानंतर ते स्वभावधर्मानेच उतरणीस लागतात आणि श्रेय मात्र लेपाच्या पदरात पडते. त्यामुळे अमक्या लेपाने गुण आला अशी साक्ष देणारे लोक सर्व काळी, सर्व देशांत भेटत आले. दोन लेप शेजारी शेजारी ठेवून त्यांतील सरस कोणता, हे निःपक्षपातीपणे पाहण्याची रीत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रुजली नव्हती. ती रीत कशी रुजली, तिने कोणते निकाल दिले आणि त्यासाठी कोणास किंमत मोजावी लागली, हा या इतिहासाचा गाभा होय.

प्रारंभ आपल्याकडील ग्रंथांपासून करणे योग्य ठरेल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांचे वर्णन आहे. तेथे तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या, शाल्मलीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या पुटकुळ्यांचा उल्लेख आला आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिच्या खोडावरील रुंद बुडाचे, टोकदार काटे ज्याने पाहिले असतील, त्याला ही उपमा किती समर्पक आहे हे सांगावे लागणार नाही. कफ, वात आणि रक्त यांच्या दुष्टीने या पुटकुळ्या होतात असे ग्रंथकाराचे म्हणणे असून, मुख दूषित करणारी म्हणून ‘मुखदूषिका’ असे नाव त्याने या विकारास दिले आहे. उपचार म्हणून वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सुचविला आहे. पुढे घरोघरी जायफळ उगाळून लावणे, मसुराचे पीठ, हळद, चंदन असे उपाय रूढ झाले. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी सहाणेवर जायफळ उगाळणारी आजी होऊन गेली असेल. या लेपांतील काही द्रव्यांत सूज उतरविण्याचा किंवा जंतूंना आवरण्याचा थोडाफार गुण असणे संभवनीय आहे. परंतु एक लेप दुसऱ्यापेक्षा किती चांगला, किंवा काहीच न लावण्यापेक्षा किती चांगला, हा प्रश्न या परंपरेत विचारला गेला नाही.

हा प्रश्न त्या काळी पाश्चात्त्यांनीही विचारला नव्हता. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने आपल्या वैद्यकावरील ग्रंथात मुरुमांची दखल घेतली आहे ती काहीशी नाखुशीनेच. असल्या किरकोळ गोष्टींवर उपचार करणे हा जवळजवळ खुळेपणाच, परंतु स्त्रियांना आपल्या रूपाच्या काळजीपासून परावृत्त करणे शक्य नाही, अशा आशयाचे उद्गार काढून त्याने राळ, तितकीच तुरटी आणि थोडा मध यांचा लेप सांगितला आहे. वैद्यकाने मुरुमांकडे कपाळाला आठी घालून पाहावे आणि रुग्णाने मुकाट्याने लेप शोधीत फिरावे, ही रूढी त्या काळाइतकी जुनी आहे.

वैद्यांनी सोडलेली जागा पुढे व्यापाऱ्यांनी भरून काढली. अठराव्या शतकात इंग्लंडात ‘गाउलंड्स लोशन’ नावाचे एक पाणी विलक्षण खपत होते. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्युएशन’ या कादंबरीतील एका रूपाभिमानी सरदाराच्या तोंडी त्याची शिफारस आहे, इतके ते घरोघर पोहोचले होते. कडू बदामांच्या दुधात पाऱ्याचा एक जहाल क्षार मिसळून ते तयार केले जाई. त्याने कातडीचा वरचा थर सोलून निघे, आणि खाली दिसणारी कोवळी त्वचा पाहून गिऱ्हाईक संतुष्ट होई. पारा शरीरात मुरतो आणि त्याचे विष मागाहून भोवते, याचा हिशेब बाटलीवर लिहिलेला नसे. त्वचेची आग झाली म्हणजे औषध काम करीत आहे, ही समजूत अशाच बाटल्यांनी लोकांच्या मनात पक्की केली. आणि ती अद्याप पुरती गेलेली नाही.

तुलना करावयाची तर प्रथम रोगाचे नाव आणि रूप निश्चित व्हावे लागते. हे काम लंडनच्या रॉबर्ट विलन आणि थॉमस बेटमन या गुरुशिष्यांनी केले. विलन १८१२ मध्ये निवर्तला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८१३ मध्ये, बेटमनने त्याच्या पद्धतीने सर्व त्वचारोगांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. नुसता फोड, काळ्या ठिपक्याचा फोड आणि कठीण गाठ, असे मुरुमांचे भेद त्याने निराळे सांगितले. आता निदान दोन गावांतील दोन वैद्य एकाच विकाराविषयी बोलत आहेत अशी खात्री बाळगता येऊ लागली.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राने वैद्यांच्या हाती नवी द्रव्ये दिली. गंधक पूर्वीपासून होतेच. जर्मनीत गंधक व कापूर यांचे ‘कुमरफेल्डचे पाणी’ प्रसिद्ध होते, आणि पुढे अमेरिकेत जस्ताचा क्षार व गंधकयुक्त पोटॅश यांचे पांढरे द्रावण औषधांच्या अधिकृत ग्रंथात समाविष्ट झाले. त्यात सॅलिसिलिक आम्लाची भर पडली. कोल्बे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कृत्रिम रीतीने बनविण्याची वाट दाखविली आणि १८७४ मध्ये त्याचे उत्पादन कारखान्यात सुरू झाले. हॅम्बर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उना याने या आम्लाचा त्वचेचा निबर थर सैल करण्याचा गुण अभ्यासिला आणि रेसॉर्सिन हे द्रव्यही प्रचारात आणले. काळ्या ठिपक्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करीत असता त्यात वसणाऱ्या जंतूंकडेही उनानेच लक्ष वेधले. २०१६ पासून शास्त्रज्ञ या जंतूस ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस’ या नावाने ओळखतात.

या संशोधनातून पुढे जे चित्र स्पष्ट झाले, ते थोडक्यात असे आहे. चेहरा, छाती व पाठ येथील केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील पुरुषरसांच्या प्रभावाने त्या अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्रातील मृत पेशी नीट झडून न जाता एकमेकींस चिकटतात आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसते. आत साचलेल्या तेलात उपर्युक्त जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी झुंजू लागते, आणि लाल, ठणकणारा फोड उठतो. तेल, बूच, जंतू आणि दाह अशी ही चार कारणे होत. जो लेप यांपैकी एकावरही परिणाम करीत नाही, त्याने गुण येण्याचा संभव थोडाच. काळ्या ठिपक्याचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, ही गोष्टही यातूनच उघड झाली. हवेशी संबंध आल्याने त्या बुचातील द्रव्यांचा रंग काळवंडतो, आणि चेहरा कितीही खसखसून धुतला तरी तो निघत नाही.

कारणे कळली तरी उपचारांची तुलना लगेच सुरू झाली असे मात्र नाही. मध्यंतरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्ष-किरणांची लाट आली. क्ष-किरणांनी तैलग्रंथी आकसत, चेहरा झपाट्याने निवळे, आणि डॉक्टर व रुग्ण दोघेही खूष होत. असे उपचार झालेल्या काही जणांना पुढे वर्षानुवर्षांनी गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग झाल्याची वृत्ते १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध होऊ लागली, आणि तरुण मुलांच्या चेहऱ्यावर हे किरण सोडण्याची प्रथा मागे पडली. परिणाम लवकर दिसतो किंवा नाही एवढेच पाहून उपचाराची परीक्षा पुरी होत नाही, हा धडा मुरुमांच्या इतिहासाने येथे दुसऱ्यांदा दिला. पहिला धडा पाऱ्याच्या पाण्याने दिलाच होता.

तुलनेची रीत आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. कोणत्या रुग्णास नवे औषध मिळावे आणि कोणास मिळू नये, हे डॉक्टरांच्या इच्छेवर न सोडता तेथे एक प्रकारे चिठ्ठ्या टाकून ठरविले गेले होते. ही पद्धत हळूहळू वैद्यकाच्या सर्व शाखांत पसरली. मुरुमांच्या बाबतीत तिला काही खास जोड मिळाली. एकाच माणसाच्या डाव्या गालावर एक औषध आणि उजव्या गालावर दुसरे लावता येते. मग वय, आहार, ऋतू यांचा फरक आपोआप वगळला जातो. एका गटास केवळ औषधविरहित मलम देता येते, आणि कोणत्या डबीत काय आहे हे रुग्णास व तपासणाऱ्यास दोघांसही कळू न देता निकाल घेता येतो. शिवाय फोड मोजता येतात. इंग्लंडातील लीड्स येथे बर्क आणि कन्लिफ यांनी १९८४ मध्ये अशा मोजणीची व प्रतवारीची पद्धत नीट बांधून दिली. अशा चाचण्यांतून एक गोष्ट वारंवार दिसून आली. ज्यांना नुसते औषधविरहित मलम मिळाले, त्यांचेही फोड काही आठवड्यांत पुष्कळसे कमी झाले. शतकानुशतके ज्याचे श्रेय लेपांना मिळत आले, तो निसर्गाचा वाटा आता प्रथमच वजा करता येऊ लागला.

या कसोटीला उतरलेले पहिले मोठे औषध म्हणजे बेन्झॉइल पेरॉक्साइड. गव्हाचे पीठ पांढरेशुभ्र करण्यासाठीही वापरले जाणारे हे साधे, स्वस्त रसायन आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत लायन व रेनॉल्ड्स यांनी जखमा आणि दाढीच्या जागी होणारे पुळ्यांचे विकार यांवर ते वापरून पाहिले. १९६५ मध्ये कॅनडातील डॉक्टर पेस यांनी गंधकाबरोबर त्याचे मलम मुरुमांवर वापरल्याचे वृत्त दिले, आणि तेथून त्याचा प्रसार झाला. हे द्रव्य त्वचेत शिरून प्राणवायू मोकळा करते. मुरुमांतील जंतूंना प्राणवायू मानवत नाही, त्यामुळे ते मरतात. आणि त्यांनी या माऱ्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळविल्याचे दिसून आलेले नाही. १९८१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका निघाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दीर्घकाळ पुरावा तपासला आणि २०१० मध्ये ते सुरक्षित व गुणकारी असल्याचा निर्वाळा दिला. पुढे उष्णतेने त्याचे विघटन होऊन बेन्झीन हे घातक द्रव्य तयार होऊ शकते असे आढळले. २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने अशा ९५ उत्पादनांची तपासणी जाहीर केली; त्यांतील बहुतेकांत बेन्झीन आढळले नाही किंवा नगण्य आढळले, आणि थोडी उत्पादने बाजारातून परत घेण्यात आली. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ही नळी उन्हात किंवा तापलेल्या मोटारीत ठेवू नये, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

दुसरे मोठे औषध म्हणजे अ-जीवनसत्त्वापासून मिळणारे आम्ल, ज्याला ट्रेटिनॉइन म्हणतात. जर्मनीत स्ट्युटगेन यांनी १९६२ च्या सुमारास त्वचेच्या निबरपणावर ते वापरले होते. १९६९ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी अल्बर्ट क्लिगमन, जेम्स फुल्टन आणि गेर्ड प्लेविग यांनी मुरुमांवरील त्याच्या उपयोगाचा प्रबंध प्रसिद्ध केला, आणि १९७१ मध्ये ते तेथे बाजारात आले. छिद्राच्या तोंडाशी बसणारे बूच मुळातच बनू न देणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याने पहिल्या काही आठवड्यांत चेहरा लाल होतो, सोलतो, आणि कित्येकदा मुरूम वाढल्यासारखे दिसतात. पंधरा दिवसांत निकाल मागणाऱ्या रुग्णाने ते टाकूनच दिले असते. दोन-तीन महिने धीराने मोजणी केली तेव्हाच त्याचे खरे मोल दिसले.

परंतु या शोधाशी एक काळी बाजू निगडित आहे आणि इतिहास सांगताना ती झाकून ठेवणे उचित होणार नाही. फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत क्लिगमन यांच्या देखरेखीखाली बंद्यांच्या अंगावर औषधे, प्रसाधने आणि इतर घातक रसायनेही लावून पाहिली जात. मुरुमांवरील या आम्लाच्या चाचण्याही तेथे झाल्या. बंद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. पुष्कळ जण खटल्याची वाट पाहत डांबलेले होते. जामिनाला पैसा नव्हता आणि प्रयोगाचे मिळणारे थोडेसे डॉलर हीच त्यांची कमाई होती. आपल्या अंगाला काय लावले जात आहे, हे त्यांना पुरतेपणी सांगितले जात नसे. १९९८ मध्ये ॲलन हॉर्नब्लम यांच्या ग्रंथाने हे प्रकरण जगापुढे मांडले. सुमारे ३०० माजी बंद्यांनी २००० मध्ये दावा दाखल केला, परंतु मुदत टळून गेली या कारणास्तव तो फेटाळला गेला. २०२१ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या वैद्यकशाळेने आणि २०२२ मध्ये फिलाडेल्फिया नगरीने त्यांची जाहीर क्षमा मागितली. वास्तविक १९४७ मध्येच न्यूरेंबर्ग येथील निवाड्यात, माणसाच्या स्वतंत्र संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करू नये असे तत्त्व घालून दिले होते. कोट्यवधी तरुण चेहऱ्यांना ज्या मलमाने दिलासा दिला, त्याच्या हिशेबात या अनाम माणसांच्या त्वचेचाही जमाखर्च मांडावा लागतो.

जुन्या गंधकाची परीक्षाही याच काळात झाली. १९७२ मध्ये मिल्स व क्लिगमन यांनी असे प्रतिपादन केले की, गंधक फोड सुकविते खरे, पण स्वतःच नवे बूच निर्माण करते. शतकांच्या विश्वासाला हा मोठाच धक्का होता. परंतु १९७८ मध्ये स्ट्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा तपासला आणि त्यांना तसा दोष आढळला नाही. एका प्रयोगावर निर्णय देऊ नये, दुसऱ्याने तो पडताळून पाहावा, हा शास्त्राचा दंडक येथे उपयोगी पडला.

तिसरा मार्ग प्रतिजैविकांचा. १९७० नंतरच्या दशकात एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांची द्रावणे चेहऱ्यावर लावण्यास प्रारंभ झाला. ती सौम्य होती, चेहऱ्याची आग होत नसे, आणि गुणही चांगला येई. परंतु जंतू स्वस्थ बसले नाहीत. लीड्स येथे दहा वर्षे ठेवलेल्या नोंदींप्रमाणे, नेहमीच्या प्रतिजैविकांपैकी निदान एकास न जुमानणारे जंतू बाळगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १९९१ मध्ये शेकडा ३४.५ होते, ते १९९७ मध्ये शेकडा ६४ वर जाऊन पोहोचले. त्यामुळे केवळ प्रतिजैविकाचे मलम एकटे लावू नये, त्याच्यासोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावे, असा नियम तज्ज्ञांनी घालून दिला.

या सर्व उपचारांना एका रांगेत उभे करणारी जी चाचणी झाली, ती २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लीड्स आणि नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी सौम्य व मध्यम प्रतीचे मुरूम असलेल्या ६४९ जणांचे पाच गट पाडले आणि त्यांना १८ आठवडे उपचार दिले. दोन गटांना प्रतिजैविकांच्या दोन निरनिराळ्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्यास केवळ बेन्झॉइल पेरॉक्साइड मिळाले. उरलेल्या दोन गटांना त्याच्या जोडीला एरिथ्रोमायसिनचे मलम दिले होते. एका गटास दोन्ही एकत्र आणि दुसऱ्यास वेगवेगळे. आपल्याला निश्चित सुधारणा झाली असे सांगणाऱ्यांचे प्रमाण गोळ्यांच्या गटांत शेकडा ५५ व ५४, केवळ बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या गटात ६०, आणि जोड-मलमांच्या गटांत ६६ व ६३ असे आढळले. म्हणजे महाग गोळी ही स्वस्त मलमापेक्षा सरस ठरली नाही. आणि खर्चाच्या मानाने पाहता, पीठ पांढरे करणारे ते साधे रसायनच पुढे राहिले. ज्यांच्या जंतूंनी आधीच प्रतिकारशक्ती मिळविली होती, त्यांना गोळ्यांचा गुणही कमी आला.

अशाच तुलनांनी दुसऱ्याही काही समजुती दुरुस्त केल्या. औषध जितके तीव्र तितके चांगले, ही त्यांपैकी सर्वांत दृढ. १९८६ मध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइडची शेकडा २.५, ५ आणि १० अशी तीन प्रमाणे ताडून पाहिली असता, लाल फोडांवर सर्वांत सौम्य मलमाचा गुण सर्वांत तीव्र मलमाच्या तोडीचा निघाला; वाढली ती केवळ आग आणि सोलणे. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये तेथील टी-ट्री या झाडाच्या तेलाची बेन्झॉइल पेरॉक्साइडशी १२४ रुग्णांत तुलना करण्यात आली. दोहोंनीही गुण आला. तेलाचा परिणाम सावकाश झाला, पण त्रास कमी झाला. वनस्पतीजन्य उपायांची अशी परीक्षा होऊ शकते आणि काही त्यात उत्तीर्णही होतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. आपल्याकडील जायफळ-लोध्रांचीही अशीच सावकाश, मोठ्या प्रमाणावर परीक्षा व्हावी, यात त्या परंपरेचा गौरवच आहे.

ट्रेटिनॉइनच्या कुळातील ॲडापलीन हे नवे द्रव्य अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाले. पाच चाचण्यांतील ९०० रुग्णांचे निकाल १९९८ मध्ये एकत्र पाहिले असता, ते ट्रेटिनॉइनइतकेच गुणकारी आणि त्वचेस अधिक सुसह्य ठरले. रोम येथे मार्चेल्ला नाझारो-पोर्रो यांच्या संशोधनातून ॲझेलाइक आम्ल पुढे आले. त्वचेवर पांढुरके चट्टे पाडणाऱ्या एका बुरशीचा अभ्यास चालू असता ते ध्यानात आले, आणि म्हणूनच मुरूम गेल्यावर मागे राहणारे काळे डाग फिकट करण्याचा गुणही त्यात आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांना याचे महत्त्व विशेष. कारण त्यांना मुरुमापेक्षा मागे राहणारा डागच अधिक दिवस छळतो. २०२० मध्ये अशा अनेक चाचण्यांचे एकत्र परीक्षण करण्यात आले. बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या १२० चाचण्या तपासूनही परीक्षकांनी पुराव्याची प्रत सामान्यच ठरविली. ॲझेलाइक आम्ल बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा काहीसे मागे पडत असावे असे आढळले, तर सॅलिसिलिक आम्ल व गंधक यांच्याविषयी चांगला पुरावा फारच थोडा निघाला. इतके मोजूनही परीक्षकांनी अधिक चांगल्या मोजणीची मागणी करावी, यात या पद्धतीचा प्रामाणिकपणा दिसतो.

हा सारा इतिहास परदेशांत घडला, तरी त्याची झळ आपल्या घरांपर्यंत पोहोचली आहे. भारतात औषधांच्या दुकानांतून स्टिरॉईडयुक्त मलमे अनेक वर्षे सहज मिळत आली. कोणी ती गोरेपणासाठी, कोणी खाजेसाठी, तर कोणी मुरुमांसाठी लावली. २०११ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी १२ केंद्रांतील पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याचे विकार घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे लावीत होते, आणि त्यांतील १०४ जण केवळ मुरुमांसाठी. या ४३३ पैकी ३९२ जणांना अपाय झालेला होता, आणि सर्वांत अधिक आढळलेला अपाय कोणता म्हणाल, तर मुरूम उठणे किंवा असलेले बळावणे! स्टिरॉईडने दाह एक-दोन दिवसांत शमतो, लाली जाते, आणि आरसा प्रसन्न होतो. पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि मलम थांबविताच चेहरा पूर्वीपेक्षा अधिक भडकतो. म्हणून पुन्हा तेच मलम लावले जाते. २०१८ मध्ये भारत सरकारने अशी १४ द्रव्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. कायदा झाला, पण शेजारणीने सुचविलेल्या नळीवर कायद्याची नजर पोहोचत नाही. तेथे घरातील वडील माणसांनीच लक्ष घालावयास हवे.

पाऱ्याचे पाणी, क्ष-किरण आणि स्टिरॉईडचे मलम या तिन्हींत एक साम्य आहे. तिन्हींनी त्वरित परिणाम दाखविला, आणि तिन्हींनी नंतर दाम वसूल केला. याउलट, परीक्षेस उतरलेली औषधे सगळी संथ आहेत. त्यांचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात आणि आरंभी ती थोडा त्रासही देतात. सौम्य मुरुमांवर कमी प्रमाणाचे बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन, गरज पडल्यास दोन्ही मिळून; मध्यम प्रतीच्या मुरुमांवर डॉक्टरच्या सल्ल्याने प्रतिजैविकाची जोड, तीही मर्यादित काळ; आणि खोल गाठी व व्रण पडू लागले असता विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे, असा आजच्या ज्ञानाचा निष्कर्ष आहे. गर्भवती स्त्रियांनी ट्रेटिनॉइनच्या कुळातील औषधे टाळावीत, आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड लावून निजणाऱ्याने उशीचा अभ्रा पांढरा ठेवावा, कारण रंगीत कापडाचा रंग ते उडविते.

मुरुमांकडे किरकोळ गोष्ट म्हणून पाहणाऱ्या सेल्ससपासून आजपर्यंत दोन हजार वर्षे लोटली. या अवधीत लेपांची संख्या वाढली, पण रुग्णाचे खरे हित साधले ते कोणत्याही एका लेपाने नव्हे, तर मोजून पाहण्याच्या सवयीने. ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आरशासमोर हिरमुसली होऊन उभी असेल, त्या घरात तिची थट्टा न करता, झटपट गुणाच्या नळीपासून तिला दूर ठेवून, परीक्षिलेले एक साधे मलम आणि तीन महिन्यांचा धीर एवढे दिले, तरी या दीर्घ इतिहासाचे चीज झाले असे म्हणता येईल.